करदाता कोण?

लोकव्यवहारात काही वाक्ये चलनी नाण्यासारखी हातोहात फिरत असतात. ती खरी की खोटी हे दगडावर घासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. कारण ज्याने दिले तो प्रतिष्ठित गृहस्थ असतो, आणि ज्याने घेतले त्यालाही ते पुढे खपवावयाचे असते. “कर आम्ही भरावयाचे आणि बाकीच्यांनी त्यावर बसून खावयाचे” हे असेच एक वाक्य आहे. पेढीवर, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, जेथे म्हणून चार सुशिक्षित माणसे सरकारच्या कारभाराविषयी बोलू लागतात तेथे ते हटकून निघते. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने पात्र स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये देण्याची ‘लाडकी बहीण’ योजना सुरू केली, तेव्हापासून तर ह्या वाक्याचा बाजार फारच तेजीत आला. ती योजना शहाणपणाची की निवडणुकीच्या हंगामाची, हा वाद आज आम्ही हाती घेत नाही. आमचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. ह्या तक्रारीत जो ‘आम्ही’ आहे, तो कोण? आणि ज्यांस ‘बाकीचे’ म्हणून बाजूस सारले, ते खरोखरच काही देत नाहीत काय?

करदाता म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणारा मनुष्य उभा राहतो. ३१ जुलै २०२४ च्या मुदतीअखेर अशी सुमारे ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली होती. देशाची वस्ती १४० कोटींच्या घरात आहे. झाले, भागाकार करून लोक मोकळे होतात, की वीस माणसांत एक भरतो आणि एकोणीस खातात! ह्या एकोणिसांत तान्ही मुले, शाळकरी पोरे आणि खुद्द भरणाऱ्याची बायको व म्हातारे आईबाप हेही मोजले गेले आहेत, ही गोष्ट आपण तूर्त सोडून देऊ. मूळ दोष निराळाच आहे. प्राप्तिकर हा अनेक करांपैकी एक कर होय. कर म्हणजे केवळ तोच नव्हे. आमच्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात ‘कर आकारणी’ ह्या शब्दाची व्याख्या केली आहे. तिच्यात सर्वसाधारण, स्थानिक किंवा विशेष, अशी कोणतीही पट्टी येते. जी व्याख्या घटनेने इतकी रुंद केली, ती आम्ही आपल्या सोयीने इतकी अरुंद कशी केली?

इतिहासाकडे पाहिले तर ही समजूत किती पोकळ आहे ते तत्काळ दिसते. आपल्या देशात आजच्या धर्तीचा प्राप्तिकर १८६० साली आला. १८५७ च्या उठावाच्या खर्चाने सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन ह्या वित्तमंत्र्याने तो बसविला. मग त्यापूर्वी सरकारी खजिना काय आकाशातून भरत होता? शेतसारा होता, मिठावरचा कर होता, अबकारी होती, जकाती होत्या. आणि ह्यांचे ओझे मुख्यत्वे कुणब्याच्या व मजुराच्या पाठीवर होते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात हेच नेमके मांडले होते. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, वरचे वर्ग त्यात फारशी भर घालीत नाहीत, आणि असे असून त्या उत्पन्नातील पुष्कळसा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. त्यास आता चौदा दशके उलटली. त्या शिक्षणाच्या जोरावर वर आलेल्या घराण्यांचे वंशज आज रयतेकडे बोट दाखवून म्हणतात की, हे आमच्या पैशावर जगतात. काळाने केलेली ही थट्टा मोठी कडवट आहे!

पुढे १९०२ साली नामदार गोखले ह्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा डांगोरा पिटीत असता, ही शिलक म्हणजे भरभराटीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण होय, असा त्यांचा मुद्दा होता; आणि मिठावरील कर उतरवावा ही त्यांची आग्रहाची मागणी होती. तो कर तेव्हा दर मणास अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर व १९०७ साली एक रुपयावर आला. मिठाचा कर देणाऱ्यांपैकी प्राप्तिकर देणारे असे कितीसे असतील? पण गोखल्यांनी त्यांस फुकटे म्हटले नाही. त्यांनी त्यांस करदाते मानले व त्यांचे वकीलपत्र घेतले. १९३० साली गांधीजींनी साऱ्या देशास जागे करण्यासाठी जो कर निवडला तो हाच. आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात कोकणातील शिरोड्याच्या मिठागरांवर आमचीच माणसे लाठ्या खात होती. तो सत्याग्रह ज्या एका साध्या गोष्टीवर उभा होता ती ही की, भाकरीबरोबर चिमूटभर मीठ खाणारा दरिद्री मनुष्यही सरकारास कर देतो. स्वराज्य मिळविताना जे आम्हांस स्वच्छ दिसत होते, ते स्वराज्य भोगताना आम्ही विसरलो.

आजच्या मिठावर वस्तू व सेवा कर नाही, ही गोष्ट खरी. पण मिठाच्या जागी दुसऱ्या किती वस्तू आल्या ते पाहा. हातात मोबाइल नाही असा हमाल किंवा मोलकरीण आज शहरात सापडणे कठीण. तो आता चैनीचा जिन्नस राहिला नसून काम मिळविण्याचे साधन झाला आहे. त्याच्या रिचार्जवर १८ टक्के कर आहे. महिन्यास २३६ रुपयांचे रिचार्ज करणाऱ्या मोलकरणीने त्यात ३६ रुपये कर दिला. वर्षाचे ४३२ रुपये झाले. तिने कोणतेही विवरणपत्र भरले नाही, तिला पावती मिळाली नाही, कोणी तिचे आभार मानले नाहीत. अंगाचा साबण, डोक्याचे तेल, दात घासण्याची पेस्ट व बिस्किटाचा पुडा ह्यांवर २२ सप्टेंबर २०२५ रोजी दर उतरेपर्यंत १८ टक्के कर होता, आणि उतरल्यावरही ५ टक्के राहिलाच. पिशवीत बांधून छाप मारलेल्या पिठातांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के बसला. सुटी भाजी करमुक्त आहे. पण ती बाजारात आणणाऱ्या टेम्पोचे डिझेल करमुक्त नाही. त्याच्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आहे, राज्याचा मूल्यवर्धित कर आहे, आणि दोन्ही भाजीच्या भावात मुकाट्याने मिसळून जातात. खोलीत भाड्याने राहणारा म्हणतो, मी घरपट्टी भरीत नाही. मालक ती भाड्यातून वसूल करीत नाही असे ज्यास वाटते, त्याने एकदा एखाद्या घरमालकास विचारून पाहावे!

आता थोडे आकडे. २०२३-२४ ह्या वर्षात परतावे वजा जाता वस्तू व सेवा कराची वसुली सुमारे १८ लाख कोटी रुपये झाली. त्याच वर्षी सर्व प्रत्यक्ष करांची निव्वळ वसुली सुमारे १९ लाख ५८ हजार कोटी होती. परंतु तीत कंपन्यांनी भरलेले ९ लाख ११ हजार कोटी आले. म्हणजे ज्याच्या जोरावर पगारदार व व्यापारी गृहस्थ स्वतःस देशाचा एकमेव पोशिंदा समजतो, तो प्राप्तिकर साडेदहा लाख कोटींच्या आतच राहिला. आणि पेट्रोल-डिझेलवरील कर, दारूवरील अबकारी, मुद्रांकशुल्क व नगरपालिकांच्या पट्ट्या ह्यांपैकी काहीच वरच्या अठरा लाखांत धरलेले नाही. सरकारी खजिन्याचा एक मोठा झरा बाजारातल्या खरेदीतून वाहतो, आणि बाजारात जावे लागत नाही असे ह्या देशात घर नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतील, व दोहोंचा विचार निष्पक्षपातीपणाने केला पाहिजे. पहिला असा की, खरेदीवरील करही श्रीमंतच अधिक देतात, कारण ते अधिक खरेदी करतात. रकमेने पाहिले तर हे खरे आहे. परंतु ओझे हे रकमेने मोजावयाचे की उचलणाऱ्याच्या शक्तीने? महिन्यास बारा हजार मिळविणारा मनुष्य ते सगळेच्या सगळे खर्च करतो, किंबहुना वर उसनवारी करतो. दोन लाख मिळविणारा त्यातले लाखभर मागे टाकू शकतो, आणि मागे टाकलेल्या लाखावर खरेदीचा कर नाही. म्हणून ह्या करात गरिबाच्या मिळकतीचा जो हिस्सा जातो तो पुष्कळदा श्रीमंताच्या हिश्शाहून मोठा भरतो. दुसरा आक्षेप पगारदारांचा आहे व त्यात पुष्कळ तथ्य आहे. त्यांचा कर हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्यांस लपविण्यास जागा नाही. उलट शेतीचे उत्पन्न, ते कितीही मोठे असो, प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर आहे, व त्या आडोशास काही बडी धेंडेही जाऊन बसली आहेत. ही तक्रार रास्त आहे, ती जोराने करावी. पण ती कोणाविरुद्ध? जे उत्पन्न असूनही देत नाहीत त्यांच्याविरुद्ध, आणि त्यांस देऊ लावीत नाही त्या सरकारविरुद्ध. धेंडांवरचा राग मोलकरणीवर काढणे ह्यात न्यायही नाही व शौर्यही नाही.

आमच्या मते ह्या समजुतीचा खरा धोका हिशेबाच्या चुकीहून फार खोल आहे. “ज्याने पैसे दिले त्याने बोलावे” हे तत्त्व एकदा मान्य केले की “ज्याने अधिक दिले त्याने अधिक बोलावे” हे आपोआप येते, आणि “ज्याने दिले नाही त्याने गप्प बसावे” हे त्याच्या मागोमाग. हे तत्त्व आम्हांस नवे नाही. १९१९ च्या व १९३५ च्या कायद्यांखाली ह्या देशात मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता, आणि प्रजेचा फार मोठा भाग मतपेटीबाहेर उभा होता. १९२८ साली सायमन आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, ती ह्याच भिंतीवरचा घाव होती. आणि घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ती भिंत पाडली. कंपनीत जितके भाग तितकी मते हा नियम योग्यच आहे, कारण तेथे लोक नफ्यासाठी एकत्र येतात. राष्ट्राची गोष्ट तशी नाही. कोणी म्हणेल, करदात्याची गोष्ट बोलणारा मताधिकार थोडाच काढून घेऊ पाहतो? कायद्याने नसेल, परंतु ज्यास आपण मनाने भिकारी ठरविले, त्याचे मत ऐकण्याची आपली तयारी त्याच क्षणी संपलेली असते.

शिवाय ‘फुकट’ हा शब्द आम्ही मोठ्या निवडीने वापरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची वाट मोकळी केली. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हे खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्याचे नाव ‘उत्तेजन’. सरकारी वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत खर्चाच्या मानाने अल्प फीत शिकून जे परदेशी गेले, त्यांस मिळाले ती ‘गुणवत्तेची कदर’. आणि दीड हजार रुपये मोलकरणीच्या खात्यात पडले की ती ‘खिरापत’! आम्ही असे म्हणत नाही की पहिली दोन वाईट व तिसरी चांगली. तिन्हींस एकच कसोटी लावा: ह्या पैशातून लोकांचे काय हित झाले, ते दाखवा. एकास हिशेबाचा तराजू आणि दुसऱ्यास तिरस्काराचा, हे चालणार नाही.

ही कसोटी कशी लावावी ह्याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यासाठी १९७५ साली व्यवसायकराचा कायदा झाला. शहरातील पगारदाराच्या पगारपत्रकात जो दरमहा २०० रुपयांचा व फेब्रुवारीत ३०० रुपयांचा आकडा कापलेला दिसतो, तो ह्या कराचा. शहराने द्यावे, त्यात सरकारने तितकीच भर घालावी, आणि खेड्यातील मागेल त्या हातास काम मिळावे, अशी ती रचना होती. त्या हातांनी पाझर तलाव खणले, बांध घातले, रस्ते केले. १९९० नंतर ह्याच योजनेतून फळबागांची लागवड झाली, आणि तिचे आंबे व डाळिंबे शहरांच्या मंडईत आली. त्यात खोटी हजेरीपत्रके झाली, अर्धवट कामे पडून राहिली, हेही खरे. आणि त्याविरुद्ध ज्यांनी आरडाओरड केली त्यांनी योग्यच केले. पण ज्याने उन्हात दगड फोडला त्याने फुकट खाल्ले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस दोन शब्द सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हावयाचा नाही. त्यांचे हाल आम्हांस ठाऊक आहेत. विवरणपत्रांचा ससेमिरा, उशिराचा दंड, अडकलेले परतावे. खरेदीवर कर चुकता करूनही, विकणाऱ्याने तो सरकारात भरला नाही म्हणून प्रामाणिक खरेदीदाराचे क्रेडिट अडते, हा तर उघड अन्याय आहे. परंतु हेही ध्यानात घ्यावे की वस्तू व सेवा करात दुकानदार हा बहुधा करदाता नसून कराचा विश्वस्त असतो. गिऱ्हाइकाने दिलेला कर काही दिवस त्याच्या गल्ल्यात वस्तीस असतो, इतकेच. म्हणूनच कर म्हणून वसूल केलेली रक्कम सरकारात भरलीच पाहिजे, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे ७६ वे कलम बजावते. “पक्के बिल हवे की कच्चे?” हा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथे विचारणारा व होकार देणारा असे दोघेही आपला वाटा शेजाऱ्याच्या माथी मारीत असतात. आणि संध्याकाळी हेच दोघे गप्पा मारीत बसले म्हणजे म्हणतात, कर आम्ही भरतो!

ह्या खोट्या समजुतीने सर्वांत अधिक नफा कोणाचा होतो? तो होतो बेजबाबदार कारभाऱ्यांचा. जो वर्ग आपणास एकटाच करदाता समजतो, तो चिडतो पण हिशेब मागत नाही. त्याचा सारा राग शेजारच्या झोपडीवर निघून जातो. आणि जो वर्ग आपण काही देतच नाही असे मानू लागतो, तो मिळेल ते उपकार म्हणून घेतो. त्याच्या नळास पाणी आले नाही तरी तो हात जोडतो. मुंबई व पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडलेला एकही प्रतिनिधी नसता तेथे प्रशासकांनी पट्ट्या वसूल केल्या व कोट्यवधींचे खर्च मंजूर केले. प्रतिनिधीवाचून कर कसा, हा प्रश्न स्वतःस करदाते म्हणविणाऱ्या किती सभांतून निघाला? उलट राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेच्या ज्या मजुरांनी १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, त्यांतील बहुतेकांनी प्राप्तिकराचे नाव काढण्याइतके पैसे कधी पाहिले नसतील. त्यांची घोषणा होती, “हमारा पैसा, हमारा हिसाब.” अशा चळवळींतून महाराष्ट्रात २००२ साली व साऱ्या देशात २००५ साली माहितीचा अधिकार आला. करदाता म्हणजे काय हे त्या मजुरांस आमच्या पदवीधरांहून अधिक चांगले समजले होते, असे म्हणणे आम्हांस प्राप्त आहे.

तेव्हा करावे काय? माहितीच्या अधिकाराच्या ४ थ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी संस्थेने आपले अंदाजपत्रक, खर्चाचा तपशील आणि अनुदानांचा हिशेब कोणी न मागता प्रसिद्ध करावयाचा आहे. तो आपल्या प्रभागात सोप्या मराठीत फलकावर लागला आहे काय, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे, आणि नसल्यास लेखी मागावा. दुकानदाराने किमतीतील कर वेगळा दाखविणारे बिल न मागता द्यावे, व गिऱ्हाइकाने ते घेतल्यावाचून हलू नये. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईस तिच्या रिचार्जातले ३६ रुपये कोठे जातात ते एकदा समजावून सांगावे. वर्षाच्या ४३२ रुपयांवर तिचा किती हक्क निर्माण होतो, ते तिला फार चटकन समजेल. आणि पुढच्या खेपेस प्रभागाच्या सभेस जाताना तिलाही बरोबर न्यावे. पाणी का येत नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिचा तितकाच आहे, जितका आमचा.